नांगराच्या विक्रीतून उभी राहिलेली 'रयत'

कर्मवीर भाऊराव पाटील यांना आपण शिक्षणमहर्षी म्हणून वंदन करतो. मात्र या शिक्षणमहर्षींचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते, आणि संस्था चालविण्याची विद्या ते शिकले विक्रेत्याच्या नोकरीत, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. घराणे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकचे. तरुणपणी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांची काचसामग्री विकण्यासाठी त्यांनी सातारा-सांगलीचा मुलूख पालथा घातला. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला नवे अवजार घ्यायला लावणे हे सोपे काम नव्हे. त्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याची अडचण ऐकावी लागते. या भटकंतीत गावोगावची माणसे जोडली गेली आणि रयतेची खरी नड अक्षरांची आहे, हेही उमगले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. तेथून ते मतभेदाने बाहेर पडले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. भांडवल कुठले? पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेची भरभराट त्यांना पाहता आली नाही, ही चुटपुट आजही लागून राहते. शेतात व बांधकामावर राबून शिकण्याची 'कमवा व शिका' योजना म्हणजे भाऊरावांच्या व्यवहारज्ञानाचा कळस होय. विद्यार्थी उपकृत न होता संस्थेचा भागीदार झाला. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले.

खरी कसोटी १९४८ मध्ये लागली. भाऊरावांच्या परखड टीकेने रुष्ट झालेल्या मुंबई सरकारने अनुदान रोखले. शेकडो शाळा, सेवकांचे पगार, वसतिगृहांतील मुले, सारेच टांगणीला लागले. भाऊराव झोळी घेऊन पुन्हा गावोगाव निघाले. ज्या ओसऱ्यांवर एकेकाळी नांगराचा सौदा ठरे, तशाच ओसऱ्यांवरून आता धान्य आणि पैसा येऊ लागला. पुढे सरकारला अनुदान पूर्ववत सुरू करावे लागले.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब व पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.