विश्लेषण : रणगाड्यांना वाट करून देणारे मेजर रामा राणे कोण होते?

परमवीरचक्र म्हटलं की बहुतेकदा पुढे मरणोत्तर हा शब्द येतोच. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच जणांना हा सन्मान मिळाला. त्यातले तिघे रणांगणावरच धारातीर्थी पडले होते. हयात असताना परमवीरचक्र मिळालेले पहिले सैनिक म्हणून मेजर रामा राघोबा राणे यांची नोंद आहे. ११ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

राणे मूळचे कुठले?

कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाची शाळाही बदलत राहिली. १० जुलै १९४० रोजी राणे बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. रस्ते, पूल बांधणं आणि गरज पडल्यास ते उडवणं, सुरुंग पेरणं आणि काढणं ही या दलाची कामं.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. एका माघारीच्या वेळी मागे राहून महत्त्वाची ठिकाणं उद्ध्वस्त करण्याची जबाबदारी त्यांच्या तुकडीवर होती. नंतर नौदलाचं जहाज त्यांना न्यायला येणार होतं. तो बेत फसला. राणे आणि त्यांच्या माणसांनी जपानी गस्तीतून नदी ओलांडली आणि आपलं सैन्य गाठलं. पुढे बढत्या मिळवत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

एप्रिल १९४८ मध्ये काय घडलं?

जम्मूतलं राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होतं. तिथल्या लोकांना वाचवायचं तर रणगाडे लवकर पोहोचायला हवे होते. पण नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली आणि भराव उडवलेले होते.

सुरुंग, डोझर आणि फोडलेला दगड हे कोरपना तालुक्यातल्या वाचकांना नवं नाही. चुनखडीच्या खाणीत ब्लास्टिंगआधी भोंगा वाजतो आणि माणसं बाजूला होतात. राणेंना ती सोय नव्हती. सुरुंग दुसऱ्याने पेरलेले, ते हाताने चाचपून काढायचे, आणि वरून गोळीबार सुरू.

• ८ एप्रिल : काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार झाले, राणेंसह पाच जखमी झाले. जखमी राणेंनी माणसं पुन्हा गोळा केली आणि रात्रभर काम चालू ठेवलं.

• ९ एप्रिल : सलग १२ तास सुरुंग काढून वाट मोकळी केली.

• १० एप्रिल : पाइनची पाच मोठी झाडं रस्त्यात आडवी होती. भोवती सुरुंग, समोर मशीनगन. पहाट असतानाच राणेंनी कामाला हात घातला आणि दोनेक तासांत अडथळा दूर केला.

• ११ एप्रिल : पुन्हा १७ तास काम. चिंगसच्या पुढची वाट खुली झाली.

१२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरलं.

ही कामगिरी वेगळी का?

शौर्य म्हणजे एका क्षणाची झेप, असं आपल्याला वाटतं. राणेंचं शौर्य चार दिवस चाललं. पहिल्या दिवशी जखम झाल्यावर मागे जायला कुणी नाव ठेवलं नसतं. पण सुरुंग काढणारा थांबला की मागची सगळी रांग थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. २१ जून १९५० रोजी त्यांना परमवीरचक्र जाहीर झालं.

पुढचं आयुष्य कसं गेलं?

राजौरीच्या मोहिमेवेळी राणे २९ वर्षांचे आणि अविवाहित होते. संसार त्यानंतरचा. कारवारजवळच्या सदाशिवगडच्या शाळेत सत्कारासाठी गेले असताना त्यांची लीला यांच्याशी ओळख झाली. १९५५ मध्ये लग्न झालं आणि त्या राजेश्वरी राणे झाल्या. दाम्पत्याला चार मुलं झाली. लष्करी गणवेश आणि घर दोन्ही सांभाळत राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरही १९७१ पर्यंत त्यांनी फेरनियुक्तीवर सेवा केली. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

१९८४ मध्ये, त्यांच्या हयातीतच, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव मिळालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ पासून त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या एका बेटालाही त्यांचं नाव देण्यात आलं.

राजौरीनंतर राणेंना ४६ वर्षं मिळाली. लग्न, मुलं, नोकरी, म्हातारपण, सगळं त्यात आलं. ८ एप्रिलला त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या दोघांना यातलं काहीच मिळालं नाही. राजौरीची वाट मोकळी झाली, त्यात त्या दोघांचाही वाटा होता. राणेंची आठवण काढताना त्यांनाही विसरून चालणार नाही.