शाळामास्तर जॉर्ज ओहम



इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागला की लवकरच गरज पडते ती टेबलावर ठेवायच्या पॉवर सप्लायची. सेल वापरता वापरता थकतो, त्याचा व्होल्टेज उतरतो, आणि मग दोष आपल्या सर्किटचा की सेलचा, हेच कळेनासे होते. म्हणून नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करता येईल आणि एकदा ठरवला की हलणार नाही, असा सप्लाय मुलांनी स्वतः बनवावा, असे आम्हांला वाटते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हीच अडचण एका शाळामास्तरांपुढे उभी राहिली होती. त्यांचे नाव विज्ञानाच्या तासाला नेहमी येते, पण त्यांचे जीवन फारसे कुणाला ठाऊक नसते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. वडिलांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, तरी स्वतः शिकून त्यांनी जॉर्ज आणि धाकट्या मार्टिनला गणित शिकवले. १८०५ साली जॉर्ज विद्यापीठात गेले, पण नाच, बिलियर्ड आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच रमले. वडील संतापले आणि तीन सत्रांनंतर शिक्षण सुटले. मुलाने स्वित्झर्लंडमध्ये गणित शिकवण्याची नोकरी धरली, स्वतः अभ्यास चालू ठेवला आणि परत येऊन १८११ साली डॉक्टरेट मिळवली.

१८१७ साली त्यांना कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली. तेथे चांगली प्रयोगशाळा होती. वडिलांच्या कारखान्यात हाताला लागलेली सफाई आता उपकरणे बनवताना कामी आली. तारेची लांबी वाढवली तर विजेची धारा किती कमी होते, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या काळी विजेचा स्रोत म्हणजे व्होल्टा यांचा १८०० सालचा घट. धारा वाहू लागली की त्याचा जोर बदलत राही. त्यावर विसंबून ओहम यांनी १८२५ साली जो नियम छापला, तो बरोबर नव्हता. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळा स्रोत सुचवला. बिस्मथ आणि तांबे यांचे दोन जोड घ्यायचे, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. दोन्हींचे तापमान ठरलेले, म्हणून विजेचा दाबही ठरलेला! दाब अगदी थोडा, पण डळमळत नव्हता.

मग ओहम यांनी एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. प्रत्येक तार जोडून टांगलेली चुंबकसुई किती वळते ते मोजले. पुढे जोडांच्या तापमानातला फरक कमी करून, म्हणजे दाब बदलून, तेच मोजमाप पुन्हा केले. धारा दाबाच्या प्रमाणात वाढते आणि एकूण प्रतिरोधाच्या प्रमाणात घटते, हे १८२६ साली सिद्ध झाले.

१८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. पण जर्मनीत त्याची कदर झाली नाही. विद्यापीठात जागा मिळण्याची आशा मावळली, १८२८ साली त्यांनी कोलोनची नोकरीही सोडली. काही वर्षे बर्लिनमध्ये लहानसहान शिकवण्या करून काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले, तेव्हा कुठे मायदेशाचे लक्ष गेले. १८५२ साली म्युनिकला प्राध्यापकपद लाभले, आणि ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेने प्रतिरोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले.

आता आपल्या टेबलाकडे वळू. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो, चार डायोड त्याला एका दिशेने वाहायला लावतात, मोठा कपॅसिटर चढउतार भरून काढतो. त्यापुढे एलएम ३१७ हा छोटा रेग्युलेटर. त्याच्याजवळ २४० ओहमचा प्रतिरोधक आणि २ किलोओहमचा नॉब लावला की सव्वा व्होल्टपासून साधारण साडेअकरा व्होल्टपर्यंत हवा तो व्होल्टेज मिळतो. रेग्युलेटर तापतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा हीट सिंक हवाच. २३० व्होल्टची जोडणी मात्र शिक्षकांनीच करावी, मुलांनी तिला हात लावू नये.

सप्लाय तयार झाल्यावर मीटर लावून बघा. एक प्रतिरोधक जोडा, व्होल्टेज दुप्पट करा, धाराही दुप्पट होईल. पाठ केलेला नियम डोळ्यांसमोर खरा होताना दिसेल.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची एवढीच विनंती की, या कामाला घाईचा प्रकल्प समजू नये. पहिले उत्तर चुकले म्हणून ओहम यांनी प्रश्न टाकून दिला नाही. आधी स्रोत सुधारला आणि मग पुन्हा मोजले. आपल्या मुलांनाही पुन्हा मोजण्याइतका वेळ आणि तेवढी प्रयोगशाळा मिळायला हवी.