गोठ्यातली कामं सांभाळत बर्फाचे पाच हजार फोटो काढणारा शेतकरी

आपल्याकडे लोक बर्फ बघायला पैसे खर्चून मनालीला जातात. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला व्हरमाँट नावाचं डोंगराळ राज्य आहे, तिथल्या शेतकऱ्याला बर्फ दारात येऊन पडलेला मिळतो, आणि तो उपसल्याशिवाय गोठ्यापर्यंत जाता येत नाही. गाय काही थांबत नाही. रात्रभर बर्फ पडो नाहीतर वादळ होवो, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, वैरण टाकावी लागते, शेण काढावं लागतं, चुलीसाठी लाकडं आणावी लागतात.

अशाच एका शेतावर, जेरिको गावात, ९ फेब्रुवारी १८६५ ला विल्सन बेंटलीचा जन्म झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिने १४ वर्षांचा होईपर्यंत त्याला घरीच शिकवलं. पंधराव्या वर्षी तिचाच जुना मायक्रोस्कोप त्याच्या हाती आला आणि पोराने त्याखाली काय ठेवलं, तर बर्फाचा कण. सहा पाकळ्यांची ती नक्षी बघून तो जो अडकला, तो कायमचाच.

आधी त्याने चित्रं काढून बघितली. पण चित्र अर्धं व्हायच्या आत कण वितळून जायचा. मग त्याला मायक्रोस्कोपला जोडता येईल असा कॅमेरा हवा झाला. किंमत ऐकून वडिलांचे डोळे पांढरे झाले असणार, कारण गोठ्यातल्या दहा गायींची जेवढी किंमत, तेवढी त्या एका यंत्राची होती. वडिलांच्या लेखी हा सगळा पोरखेळ होता. तरीही आईने मध्यस्थी केली आणि कॅमेरा घरात आला. बेंटलीला कॅमेरा शिकवणारं कुणी नव्हतं. चुकत-माकत, प्लेटा वाया घालवत अखेर १५ जानेवारी १८८५ ला त्याला बर्फाच्या एका स्फटिकाचा नीट फोटो मिळाला. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

त्याची पद्धत ऐकायला सोपी, करायला महाकठीण. पडणारा बर्फ काळ्या रंगाच्या फळीवर झेलायचा. चांगला कण दिसला की लाकडी काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून बसवायचा. श्वास रोखून धरायचा, कारण तोंडाची वाफ लागली की खेळ खल्लास. हे सगळं बिनशेकोटीच्या खोलीत चालायचं. तिथे ऊब असती तर फोटो काढायला काही उरलंच नसतं.

इथे शेतकरी बेंटली आणि फोटोवाला बेंटली यांची गाठ पडते. सगळा बर्फ सारखा नसतो. कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली साधारण पंधरा अंशाला पडणारा बर्फ कोरडा, हलका असतो आणि त्यातले स्फटिक रेखीव असतात. तापमान शून्याच्या आसपास आलं की कण अर्धवट वितळून एकमेकांना चिकटतात, त्यांचे ओले गोळे पडतात. फोटोसाठी ते बिनकामाचे. फावड्यासाठी मात्र तेच सगळ्यात वाईट. एक चौरस मीटर जागेवर फूटभर कोरडा बर्फ २५-३० किलोच्या आसपास भरतो, तर ओला त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे कंबर मोडून उपसायचा तो बर्फ वेगळा आणि ज्याची वर्षभर वाट बघायची तो वेगळा. शिवाय तो हवा तसा बर्फ धारेच्या वेळा बघून पडत नाही.

तरी बेंटलीने शेती सोडली नाही. वडील गेल्यावर भाऊ चार्ल्स आणि त्याने शेत सांभाळलं. भावाचा संसार घराच्या एका भागात, लग्न न केलेला हा दुसऱ्या भागात. आजारी आईची सेवाही त्यानेच केली. गावकऱ्यांना त्याचा हा नाद विचित्रच वाटायचा. बर्फाचं कौतुक कसलं, तो तर ढिगाने पडतोय!

हिवाळा संपला की त्याचं डोकं पावसात शिरायचं. थेंब मोजायचे कसे? त्याने एका थाळ्यात पीठ पसरलं आणि क्षणभर पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी तयार झाली. गोळीच्या आकारावरून थेंबाचा आकार त्याने काढला. हे काम १९०४ मध्ये छापून आलं, पण शास्त्रज्ञांनी त्याकडे कितीतरी वर्षं बघितलंच नाही.

बर्फाच्या फोटोंचं नशीब बरं होतं. १८९८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्याबरोबर त्याचा लेख आला. काचेच्या स्लाइड तो पाच-पाच सेंटला शाळा-कॉलेजांना विकायचा. टीकाही झाली. पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून निगेटिव्हवर स्फटिकाच्या कडेने चाकूने खरवडायची त्याची सवय होती. जर्मन हवामानतज्ज्ञ गुस्ताव हेलमान यांना ती पटली नाही. आक्षेपात दम होता, कारण खरवडताना कडेचा बारीक तपशील जाऊ शकतो. शिवाय बेंटली देखणे स्फटिक वेचून घ्यायचा आणि मोडकेतोडके बरेचदा सोडून द्यायचा. पण पाच हजारांवर फोटोंचा हा साठा तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

त्यातले २,४०० हून जास्त फोटो अखेर पुस्तकात आले. ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक अमेरिकी हवामान खात्यातले विल्यम हम्फ्रीज यांच्या साथीने १९३१ च्या नोव्हेंबरमध्ये निघालं. पुढच्याच महिन्यात ६६ वर्षांचा बेंटली वादळात, पायाखालच्या चिखलासारख्या ओल्या बर्फातून सुमारे सहा मैल चालत घरी आला. न्यूमोनिया झाला. २३ डिसेंबर १९३१ ला त्याच शेतावरच्या घरात तो गेला.

त्याचं पुस्तक जपानमध्ये उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडलं. होक्काइडोच्या थंडीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली आणि १९३६ मध्ये सशाच्या केसाच्या टोकावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला.