रामकिंकर बैज : श्रमिकांना शिल्पात उभे करणारा कलावंत

शिल्पकार, चित्रकार, नाटकांचे नेपथ्यकार आणि शिक्षक अशा अनेक नात्यांनी रामकिंकर बैज यांनी काम केले. आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या अग्रणींमध्ये त्यांची गणना होते. पण आपल्यासाठी महत्त्वाचा प्रश्न असा, की त्यांनी कोणाची शिल्पे घडवली?

रामकिंकर यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुडा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. जातीने नेमून दिलेला व्यवसाय वस्तरा-कात्रीचा. मुलाची ओढ मात्र रंगांकडे आणि मातीकडे. परिसरातील मूर्तिकारांचे काम पाहत तो शिकत गेला. असहकार चळवळीच्या काळात त्याने नेत्यांची चित्रे रंगवली. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्याचे गुण हेरले आणि १९२५ मध्ये तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाला. तेथे गुरू लाभले नंदलाल बोस. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवणारे हेच ते नंदलाल.

१९३५ मध्ये रामकिंकर यांनी झाडांच्या सोबतीने चालणारी एक उंच, सडपातळ स्त्री घडवली. नंदलालांच्या सूचनेवरून तिच्या डोक्यावर खिरीचे पात्र आले आणि ती 'सुजाता' झाली. तपश्चर्येने कृश झालेल्या सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता ती हीच. या शिल्पात ती देवी नाही. कामाला निघालेल्या कोणत्याही बाईसारखी ती चालते आहे.

१९३८ चे 'संथाल कुटुंब' त्याही पुढे गेले. कामाच्या शोधात निघालेले आदिवासी नवरा-बायको, मुले, किडूकमिडूक संसार आणि सोबत कुत्रा. राजे-महाराजे आणि साहेबांचे पुतळे उभारण्याच्या त्या काळात रामकिंकर यांनी या माणसांना प्रत्यक्षाहून मोठ्या आकारात उघड्यावर उभे केले. ब्राँझसाठी पैसा नव्हता. म्हणून लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि लाल मुरमाचे मिश्रण थापले. मजुरांच्या शिल्पाला मजुरांच्याच हातातले साहित्य! १९५६ च्या 'मिल कॉल'मध्ये गिरणीच्या भोंग्याच्या हाकेला धावणाऱ्या कामगार स्त्रिया आहेत.

दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातील यक्ष-यक्षीही त्यांचेच. १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले. २ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जीवनातून दोन गोष्टी घ्याव्यात. कोणाचा पुतळा उभा राहतो, यावरून समाज कोणाला माणूस मानतो ते कळते. आणि गुणवत्ता जात पाहून जन्मत नाही, दरवाजे मात्र जात पाहून उघडतात. बांकुड्याच्या त्या मुलासाठी एका संपादकाने एक दरवाजा उघडला. आपल्या वस्त्यांतही भिंतींवर बाबासाहेबांचे चित्र काढणारी मुले आहेत. त्यांचे कौतुक जयंतीपुरते न ठेवता विहारात चित्रकलेचा वर्ग सुरू करणे आणि त्यांना कलामहाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत साथ देणे, हे काम आपण हाती घेऊ शकतो.