टाकाचे धनी शंकरराव किर्लोस्कर

नवे मासिक हाती आले म्हणजे लहानथोर साऱ्यांची दृष्टी प्रथम कोठे जाते? लेखाच्या मथळ्याकडे क्वचितच. बहुधा ती जाते पानाच्या कोपऱ्यातील एखाद्या गमतीदार चित्राकडे. चार रेषांत काढलेले ते चित्र पाहून आपण हसतो आणि पान उलटतो. कथा लिहिणाऱ्याचे नाव आपल्या ध्यानात राहते. हसविणाऱ्या चित्रकाराचे नाव मात्र विचारावे, असे आपल्या मनातही येत नाही. मराठीत व्यंगचित्रकलेचा पाया घालणाऱ्यांत ज्यांची गणना अग्रभागी करावी लागेल, त्या शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्याही वाट्याला हेच आले. थोर संपादक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. व्यंगचित्रकार म्हणून त्यांचे स्मरण आज फार थोड्यांना आहे.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्या काळी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे नामांकित चित्रकार लाहोर येथे राहत असत. हेच सातवळेकर पुढे वेदांचे प्रकांड अभ्यासक म्हणून भारतभर विख्यात झाले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. पण तेव्हा देश अखंड होता आणि विद्येसाठी दूरदूरचे तरुण तेथे जात. सोलापूरचा हा तरुणही तितका लांबचा प्रवास करून सातवळेकरांपाशी चित्रकला शिकला. पुढे मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतही त्याने शिक्षण घेतले.

अशा चित्रकारापुढे सामान्यतः एकच वाट असे. राजेरजवाड्यांची आणि धनिकांची मोठमोठी तैलचित्रे काढावीत, ती सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात लागावीत आणि त्यांतून मान व धन मिळवावे. शंकरराव त्या वाटेने गेले नाहीत. त्यांचे चुलते लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या राजांच्या साहाय्याने १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला होता. त्याभोवती वसलेली वसाहत म्हणजेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनीही तरुणपणी चित्रकला शिकावयास घेतली होती. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्यामुळे ती सोडून ते यंत्रविद्येकडे वळले. पुतण्याच्या डोळ्यांत असा काही दोष नव्हता, तरीही त्याने रंगांचे वैभव बाजूस ठेविले आणि तो या माळावर आला.

तेथे त्यांच्याकडे कारखान्याच्या जाहिरातींचे काम आले. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगराविषयी विश्वास वाटत नसे. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती पुष्कळांच्या मनात होती. त्या शेतकऱ्याला समजेल अशा सोप्या भाषेत आणि एका दृष्टिक्षेपात कळेल अशा चित्रात आपले म्हणणे मांडावयाचे होते. चित्र हे केवळ शोभेसाठी नसते, ते बोलू शकते आणि मत पालटवू शकते, याचा अनुभव या कामात येण्याजोगा होता.

१९२० साली शंकररावांनी कारखान्याचे वर्तमान देणारे 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. थोड्याच वर्षांत त्याचे रूप पालटले आणि 'किर्लोस्कर' या नावाने ते साऱ्या महाराष्ट्राचे आवडते मासिक बनले. १९३० साली त्यास 'स्त्री' या मासिकाची आणि १९३४ साली 'मनोहर' या मासिकाची जोड मिळाली. रायगड जिल्ह्यातील पोशीरसारख्या गावात राहणाऱ्या मुलास वाटेल की, मासिके निघावीत ती मुंबईपुण्यासच. आपल्यासारख्या गावात नांगर चालावा, नाहीतर भात पिकावे. परंतु ही तीनही मासिके जन्मली ती एका खेड्याशेजारच्या माळावर, नांगराच्या कारखान्याच्या छायेत. तेथून ती टपालाने घरोघर जात.

या मासिकांतून शंकररावांची व्यंगचित्रे प्रसिद्ध होत. त्यांचे साधन होते टाक, म्हणजे दौतीत बुडवून लिहावयाची लेखणी. त्यालाही कारण होते. त्या काळी चित्र छापावयाचे, तर जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ठसा करून घ्यावा लागे. काळ्या शाईची ठळक रेषा त्या ठशातून साध्या कागदावरही स्वच्छ उमटे. रंगांच्या हळुवार छटा मात्र अशा रीतीने उमटत नसत आणि रंगीत छपाई खर्चाची असे. ज्याला आपले चित्र गरिबाच्याही घरी पोहोचवावयाचे आहे, त्याने रेषेचाच आश्रय केला पाहिजे. मात्र रेषेत लपवावयास जागा नसते. रंगाची चूक रंगाने झाकता येते. शाईची रेषा एकदा चुकली की चुकलीच. म्हणून दिसावयास सोपे असे हे चित्र काढावयास मात्र कठीण असते.

व्यंगचित्र म्हणजे नुसते वेडेवाकडे चित्र नव्हे. व्यंग म्हणजे उणीव. समाजातील उणीव नेमकी हेरून ती थोडी मोठी करून दाखविणे, हे व्यंगचित्रकाराचे काम होय. समजा, हुंडा घेणाऱ्या नवरदेवाच्या गळ्यात हाराऐवजी किमतीची चिठ्ठी दाखविली, तर पाहणारा हसतो; पण हसता हसता त्याच्या मनात येते की, आपल्या घरीही हेच चालले आहे. दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते अशा एका चित्राने साधते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांतून जुन्या रूढींना हसत हसत चिमटे काढले होते. तेच कार्य शंकररावांनी रेषांच्या द्वारे केले.

अंधश्रद्धा, भोळ्या समजुती, स्त्रियांवरील अन्याय आणि खोटी प्रतिष्ठा यांवर त्यांच्या मासिकांचा रोख असे. अशा लिखाणाने आणि चित्रांनी जुन्या मताच्या लोकांचा रोष ओढवला. मासिक वाचकांच्या वर्गणीवर चालते. वाचक रागावला तर मासिकच अडचणीत येते. तरीही शंकररावांनी आपला टाक बोथट होऊ दिला नाही. दुर्बळाला हसणे सोपे असते आणि ते क्रूरपणाचेही असते. रूढीला आणि दंभाला हसावयास धैर्य लागते. कारण रूढी पाळणारे लोक आपलेच असतात.

त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह 'टाकांच्या फेकी' या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी लक्ष्मणरावांचे चरित्र लिहिले आणि अखेरच्या काळात 'शंवाकीय' हे आत्मचरित्रही लिहिले. या नावात त्यांच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शंकररावांच्या मागून मराठीत हास्यचित्रांची मोठी परंपरा उभी राहिली. दीनानाथ दलाल, हरिश्चंद्र लचके, वसंत सरवटे, शि. द. फडणीस अशा चित्रकारांनी आपापल्या रीतीने महाराष्ट्राला हसविले. त्यांतील काहींची चित्रे तर शब्दांवाचूनच बोलतात. आज मराठी घरात दिवाळी अंक आला की त्यातील हास्यचित्रे प्रथम पाहिली जातात. ही आवड अशा अनेकांच्या श्रमांतून निर्माण झाली आहे.

मग असे कलावंत विस्मृतीत का जावेत? तैलचित्र भिंतीवर शंभर वर्षे टिकते, पुतळा चौकात उभा राहतो. मासिकातील चित्राचे आयुष्य मात्र महिन्याचे. नवा अंक आला की जुना माळ्यावर जातो आणि एके दिवशी रद्दीच्या तराजूत पडतो. त्या तराजूत कागदाचे वजन होते, रेषेचे होत नाही. शंकररावांना हे ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? सोनेरी चौकटीची वाट त्यांना मोकळी होती; परंतु चिरकाल टिकणाऱ्या चित्रापेक्षा दूरवर पोहोचणारे चित्र त्यांनी अधिक मोलाचे मानले. त्यांनी आपले काम केले. ते जपण्याचे काम त्यांनी आपल्यासाठी ठेविले आहे. शाळेच्या अथवा गावाच्या ग्रंथालयात जुन्या मासिकांची बांधीव पुस्तके धूळ खात पडलेली असतील, तर ती हळूच उघडावीत, त्यांतील चित्रांपाशी क्षणभर थांबावे आणि ती कोणी काढली, हे शोधून वहीत टिपून ठेवावे. ज्यांनी आपल्या आजोबापणजोबांना हसवून शहाणे केले, त्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.