एक्स-रे मशीन गाडीत घालून जखमींपर्यंत नेणारी मेरी क्युरी

आषाढी वारीत माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याला मुक्कामी असते. अशा गावात कुणाचा पाय मोडला की पहिला प्रश्न येतो, फोटो कुठं काढायचा? मशीन असलं तर लाईट आहे का? लाईट असली तर टेक्निशियन आहे का?

१९१४ साली मेरी क्युरीपुढे नेमके हेच प्रश्न होते.

तिचा जन्म १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्साचा. तिथं मुलींना विद्यापीठाचं दार बंद, म्हणून ती पॅरिसला गेली. १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९०६ मध्ये नवरा पिअर घोडागाडीखाली सापडून गेला. १९११ मध्ये दुसरं नोबेल, या वेळी रसायनशास्त्राचं. रेडियमची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. युद्धातली मात्र फारशी कुणी सांगत नाही.

तर झालं असं, की पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा एक्स-रे मशीन होती ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत. जखमी सैनिक पडलेले दूर आघाडीवर. गोळी नक्की कुठं अडकलीय हे न कळता डॉक्टर चिरफाड करत. मेरीने श्रीमंत बायकांकडून गाड्या मागून घेतल्या. आत एक्स-रेची नळी, फोटो धुवायचं सामान आणि डायनामो बसवला. गाडीच्याच इंजिनावर डायनामो फिरायचा, की झाली वीज तयार! अशा सुमारे २० गाड्या तयार झाल्या. लोक त्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणू लागले. शिवाय दवाखान्यांत सुमारे २०० एक्स-रे खोल्या उभ्या राहिल्या.

ती स्वतः गाडी चालवायला शिकली, शरीररचना शिकली. १७ वर्षांची लेक आयरीन मदतीला होती. पण खरी अडचण माणसांची होती. मशीन पाठवून काय उपयोग, चालवणार कोण? मग मेरीने वर्ग सुरू केले आणि सुमारे १५० बायकांना हे काम शिकवलं. त्यात डॉक्टरकी न शिकलेल्याही होत्या. युद्ध संपेपर्यंत १० लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाल्याचा अंदाज आहे.

किरणांपासून बचावाची साधनं तेव्हा तोकडी होती. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या आजाराने मेरी गेली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण दवाखान्यांसाठी साधी एक्स-रे पद्धत आखली. तिच्यातही अट हीच होती: मशीन बॅटरीवर चालावं आणि थोड्या प्रशिक्षणात कुणालाही वापरता यावं.