डार्विन आणि जून १८५८

डार्विन म्हटलं की आपल्याला माकड आठवतं. मला मात्र त्याचे जून १८५८ चे दिवस आठवतात.

वीस वर्षं हा गृहस्थ एकच सिद्धांत घासत बसला होता, छापत काही नव्हता. १८ जूनला मलाय द्वीपसमूहातून वॉलेसचं टपाल आलं. उघडून पाहतो तर नैसर्गिक निवडीची तीच कल्पना! (सबमिशनच्या आदल्या रात्री आपलंच प्रोजेक्ट दुसऱ्याच्या फाइलीत दिसावं, तशी गत.) त्यातच घरात हेन्रिएटाला घटसर्प झाला, आणि पाठोपाठ दीड वर्षाचा चार्ल्स स्कार्लेट फीवरने फणफणला. १८५१ मध्ये दहा वर्षांच्या ॲनीच्या उशाशी तो असाच बसला होता. ती वाचली नव्हती.

हा प्रसंग श्रेयाची शर्यत म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. निर्णय त्याने लायेल आणि हूकर या मित्रांवर सोडून दिला. २८ जूनला बाळ गेलं. दुसऱ्या रात्री हूकरने मागितलेले कागद त्याने कसेबसे धाडले. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन वाचलं गेलं, तेव्हा डार्विन तिथे नव्हताच. हेन्रिएटा मात्र बरी झाली.